बापूंचं वटवाघूळ

जगात जे काही चांगलं आहे ते आधी कोल्हापुरात झालं, नंतर बाकीच्यांनी उचललं, असं बापूंचं ठाम मत आहे. त्यांना नायगाऱ्याचा फोटो दाखवा. "राऊतवाडीचा धबधबा बघितलाईस का पावसात?" एवढंच विचारतील.

त्यामुळं खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात वटवाघळं बघायला निघालो, तेव्हा बापू गाडीत बसले तेच मुळी आमच्यावर उपकार म्हणून. मांडीवर तांबड्या रश्श्याचा डबा. गुहेत बसून जेवायचा बेत.

"वटवाघळासाठी एवढ्या लांब? पन्हाळ्याला काय कमी हाईत?"

मी सांगितलं, ही साधी नव्हेत. तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत, तिथं सापडलेली ही दुर्मिळ जात. मोठे, पुढं झुकलेले कान. थॉमस नावाच्या शास्त्रज्ञानं १९१३ साली तिची नोंद केली आणि मुंबई इलाख्यात जंगलखात्याची नोकरी केलेल्या रॉटनसाहेबाचं नाव तिला दिलं. पुढं ती मेघालयात सापडली, पार कंबोडियातही.

बापूंनी बोटांवर हिशेब केला. "१९१३ म्हणजे गादीवर शाहू महाराज. मग वटवाघूळ आपलंच की!"

"बापू, हा भाग संस्थानात नव्हता."

"नकाशात नसंल."

नाक्यावरच्या वनरक्षकानं परवानगीचा कागद मागितला. तो आम्ही काढलाच नव्हता. बापूंनी कागल, राधानगरी आणि एका माजी आमदाराची ओळख सांगून पाहिली. वनरक्षक खानापूरचाच, मराठी बोलणारा. शांतपणे म्हणाला, "काका, उजेड पडला, गलका झाला की सगळी उडतात. वर्षाला बहुतेक एकच पिल्लू. आईपासून सुटलं की खाली पडतं, पडलं की गेलं."

"एकच?" बापूंचा आवाज एवढा खाली आलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. डब्याचं झाकण त्यांनी घट्ट केलं.

तेवढ्यात मागून स्पीकर लावलेली एक जीप आली. बापू रस्त्यात आडवे झाले आणि बिंदू चौकातून रंकाळ्यापर्यंत पोचावा अशा आवाजात ओरडले, "ए ऽऽ! गाणं बंद करा! आत बाळंतिणी हाईत!"

वनरक्षकानं कपाळाला हात लावला. "काका, गुहा लांब आहे, पण तुम्ही बोलू नका."

परत आल्यावर तालमीच्या कट्ट्यावर कुणीतरी विचारलं, "मग बापू, बघितली का वाघळं?"

"घरच्यांना बघायला जात्यात व्हय रं कोण? खुशाली इचारली, आलो."