डिंक्या, कोळशी आणि शक्तिमान

‘शक्तिमान’ मालिकेतला खलनायक तमराज किल्विश आसनावर बसून हाताखालच्या माणसांचे अहवाल घ्यायला लागला, शक्तिमान त्याच दिवशी संपला. आपल्याला ते २००५ मध्ये मालिका बंद पडल्यावर कळलं, एवढंच.

सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर सुरुवात झाली तेव्हा काय थाट होता! उजेडात शक्तिमान झालेले मुकेश खन्ना, म्हणजे ‘महाभारता’तले भीष्म. अंधारात किल्विश झालेले सुरेंद्र पाल, म्हणजे त्याच ‘महाभारता’तले द्रोणाचार्य. कुरुक्षेत्रावर एकाच बाजूने लढलेले दोघे इथे एकमेकांच्या जिवावर उठलेले. किल्विश नुसता बोलला तरी निम्मी पोरं आजीच्या पदराआड जायची. मग नेहमीचं झालं. सारखा नवा राक्षस भरती होऊ लागला. अंगाला चमकी, हातात पुठ्ठ्याचं हत्यार आणि दोन भागांत निकाल. तो हरून आला की किल्विश त्याच्यावर खेकसायचा आणि दुसऱ्याला पाठवायचा. कारवाई कोणावर नाही, बदली सगळ्यांची. तहसील कचेरीत चकरा मारलेल्या कोणत्याही माणसाला हा कारभार अनोळखी वाटला नसेल.

आता समोरचा गडी असा मरतुकडा म्हटल्यावर नायकाने करायचं काय? शक्तिमान बोलू लागला. दात घासा, खोटं बोलू नका, मोठ्यांचा मान ठेवा. भागाच्या शेवटी उपदेशाचा तुकडा असायचाच. पण हळूहळू मधली मारामारी त्या तुकड्याची प्रस्तावना वाटू लागली. आमच्याकडे सप्त्याला येणारे महाराजही उपदेश करतात, पण ते निदान हसवतात तरी.

गीता विश्वासचंही तेच. आधी किटू गिडवानी, मग वैष्णवी. वर्तमानपत्राची बातमीदार, हुशार, कोणाच्या बापाला न भिणारी, अशी तिची एन्ट्री. पुढे तिचं मुख्य काम पळवलं जाणं आणि सोडवलं जाणं. ‘आज की आवाज’चा अंक वेळेवर निघायचा कसा, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. तिथला दुसरा कर्मचारी गंगाधर, म्हणजे वेष बदललेला शक्तिमानच. तो तर कामाच्या वेळेत उडत असायचा.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या पोरांना मात्र या मालिकेचा एक जादा पदर ठाऊक आहे. अंधार कायम राहावा, ही किल्विशची एकमेव मागणी. ती आमच्याकडे ऐन मालिकेच्या वेळी मंजूर व्हायची. तेव्हाची बिजली कटौती ज्यांनी भोगली त्यांना सांगायला नको. शक्तिमान बोट वर करून गरगरायला लागला की लाइट गुल. मग ज्याच्या घरी ट्रॅक्टर असेल त्याच्या अंगणात सगळी वानरसेना. बॅटरी काढून आणायची, तिला चिमटे लावायचे, ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही जोडायचा आणि चित्र येईपर्यंत शक्तिमान उपदेशाला लागलेला. चिडलेली पोरं मग स्वतःच गरगर फिरून संत्र्याच्या पेट्यांसाठी आणलेल्या तणसाच्या ढिगात आदळायची. २००३ ची मध्य प्रदेशची निवडणूक बिजली, सडक आणि पानी यांवर लढली गेली आणि दिग्विजयसिंहांचं सरकार गेलं. जे शक्तिमानला इतक्या वर्षांत धड जमलं नाही ते मतपेटीने एका झटक्यात केलं. अंधार त्यानंतरही पूर्ण गेला असं नाही, पण ते पुन्हा कधी.

नंतरच्या पिढीला ‘बालवीर’ मिळाला, २०१२ मध्ये. पऱ्याच पऱ्या. एक भयंकर परी, बाकीच्या चांगल्या. भयंकर म्हणजे काय, तर डोळे मोठे करून हसायचं. मग ‘बालवीर रिटर्न्स’, मग आणखी पुढचे भाग. इकडे शक्तिमानच्या सिनेमाची घोषणा २०२२ मध्ये झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुकेश खन्ना तोच पोशाख चढवून पत्रकारांसमोर उभे राहिले. लोक हसले. मला हसू आलं नाही. निवृत्तीचं वय उलटलेला माणूस जुना गणवेश घालून कामावर हजर होतो, याचा अर्थ मधल्या वीस वर्षांत ती जागा कोणी भरलेलीच नाही.

खलनायक तगडा ठेवला की कथा कशी टिकते, हे बघायचं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमारीला या, दोन काठांवरची गावं एकमेकांवर गोटे फेकतात तिथे. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मध्ये पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. गोष्ट एकच, पळून जाणाऱ्या पोरापोरीची. संवाद नाहीत, लेखक नाही. दोन्ही काठ बरोबरीचे, आणि दोघांच्याही मते खलनायक पलीकडच्या काठावर. प्रशासनाने मध्यंतरी गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. म्हणजे खलनायक मऊ केला. लोकांनी चेंडू बाजूला सारले आणि पुन्हा गोटे उचलले. मी गोटमारीची वकिली करत नाही. डोकी फुटतात, जीवही गेले आहेत, आणि ज्या घरातला जातो त्या घराला परंपरा समजावता येत नाही. पण पटकथा बिघडवायचा सरकारी प्रयोग का आपटला, हे मालिकावाल्यांनी एकदा येऊन बघावं.

आणि खलनायक हवेतच, तर आमच्या संत्र्याच्या बागांत या. कपाला, काकोदर ही मालिकेतल्या खलनायकांची नावं लेखकांना बसून शोधावी लागली असतील. आमच्याकडे झाडांच्या रोगांची तयार आहेत: डिंक्या, कोळशी, शेंडेमर, मूळकुज. नुसती हजेरी घेतली तरी किल्विशचा दरबार भरल्यासारखा वाटतो. डिंक्या खोडाची साल कुजवून झाडाला डिंक गाळायला लावतो, कोळशी पानंच काय, फळंही काळी करते. वर फळगळ आहेच. यातला एकही दोन भागांत मरत नाही. उलट दरवर्षी नव्या जोमाने येतो. आमचा नायक, म्हणजे सरकार, मात्र येतो तो घोषणा घेऊन. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर काढून आमचा वेगळा जिल्हा झाला. जामसावळीला ‘हनुमान लोक’ या मंदिर-संकुलाचं भूमिपूजन त्याआधीच झालं होतं. तिथला मारुती पहुडलेला आहे. शक्तिमानपेक्षा जुना, ताकदीने मोठा, आणि भाषण कधीच केलेलं नाही.

समजा, नव्या मालिकेचा पहिला भाग आमच्याच बागेत घेतला. शक्तिमान गरगरत खाली उतरतो, दोन रोपं मोडतो, आणि आंब्या बहाराच्या झाडाखाली उभा राहून सांगतो, ‘‘पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो मलम लावा. आणि मुलांनो, संत्रं धुऊन खा.’’

धुऱ्यावर बसलेले आबाजी तंबाखू मळत म्हणतात, ‘‘ते लावलं ना बाप्पा आम्ही. फळ काहून गळून राह्यलं ते सांग. अन् नागपूरले भाव काय हाये आज?’’

शक्तिमान आकाशाकडे बघतो. मग बोट वर करतो, फिरतो आणि गंगाधर होतो. चष्मा पुसून वही काढतो आणि उद्याच्या अंकासाठी मथळा लिहून घेतो: पांढुर्ण्यात यंदा संत्र्याचं विक्रमी पीक, शेतकऱ्यांमध्ये आनंदाचं वातावरण.