सोयीचे पैसे

परदेशातल्या एटीएममधून काढलेली रक्कम हाती पडेपर्यंत तिच्यातून चार वाटे निघू शकतात. पहिला वाटा ज्या बँकेचे यंत्र तिचा. दुसरा आपल्या बँकेचा, दुसऱ्याचे यंत्र वापरले म्हणून, दर खेपेला ठरावीक. तिसराही आपल्याच बँकेचा, चलन बदलून दिल्याबद्दल टक्केवारीने. त्याला मार्कअप म्हणतात. चौथा सरकारचा, म्हणजे आपल्या बँकेच्या दोन्ही वाट्यांवर १८ टक्के जीएसटी. पूर्वी खळ्यावरून बलुतेदारांना धान्य जाई, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच, की बलुतेदार वर्षभर काम करीत आणि मापाच्या वेळी खळ्यावर समोर उभे राहत.

यांपैकी मार्कअप सर्वांत अबोल. भारतीय कार्डांवर तो बहुधा २ ते ३.५ टक्के असतो. साडेतीन टक्क्यांवर जीएसटी चढला की ४.१३ टक्के होतात, म्हणजे लाखाच्या खर्चामागे ४,१३० रुपये. एवढी रक्कम कोणी समोर येऊन मागितली असती तर घरात आठवडाभर चर्चा झाली असती. पण मार्कअप मागत नाही, विनिमय दरात मिसळून जातो किंवा स्टेटमेंटच्या तळाशी वेगळ्या ओळीत बसतो, आणि प्रवासी तोवर फोटो लावण्यात गुंतलेला असतो. मार्कअप न घेणारी कार्डेही मिळतात. त्यांची चौकशी तिकिटे काढतानाच करावी. विमानतळावर केलेली चौकशी केवळ पश्चात्ताप ठरते.

यंत्राच्या मालकाचा वाटा थायलंडमध्ये उत्तम अभ्यासता येतो. तिथल्या बँका परदेशी कार्डावर दर खेपेला २२० बाट किंवा त्याहूनही जास्त घेतात, रक्कम कितीही असो. २,००० बाट काढले तर हे ११ टक्के झाले. २०,००० काढले तर १.१ टक्का. म्हणजे ‘लागतील तसे काढू’ हा घरी शोभणारा काटकसरीचा गुण बँकॉकला पोचताच उधळपट्टी होतो. पाच दिवसांत पाचदा दोन-दोन हजार काढणारे काटकसरी काका ११०० बाट केवळ काटकसरीवर घालवतात. रस्त्यावरच्या गाडीवर २२० बाटांत दोघांचे जेवण सहज होते, ही माहिती काकांना हिशेब झाल्यावर द्यावी, आधी देऊ नये. सगळी रक्कम एकदम काढली तर ती सांभाळण्याची काळजी उरतेच. ती काळजी चिवड्याच्या पिशवीत लपवण्याची पद्धत जुनी आहे. चिवडा मात्र आधी संपतो.

शिल्लक पाहणे हा आणखी एक छंद. देशात तो बहुधा फुकटात होतो, परदेशी यंत्रावर त्यालाही बरेचदा शुल्क पडते. खात्यात पुरेसे पैसे नसल्याने यंत्राने नकार दिला, तरी कित्येक बँका त्या नकाराचेही पंचवीसेक रुपये लावतात. मिळालेल्या पैशांवर शुल्क असावे हे समजते. न मिळालेल्यांवरही असावे, ही बँकिंगची खास प्रगती. शिल्लक मोबाइलवर पाहावी. क्रेडिट कार्डाने तर रोकड काढूच नये, कारण तिच्यावर वेगळे शुल्क लागते आणि व्याज त्याच दिवसापासून धावू लागते. खरेदीवर मिळणारी व्याजमुक्त मुदत इथे नसते.

खरा सापळा या चार वाट्यांच्या बाहेर आहे, आणि तो आपुलकीचे रूप घेऊन येतो. पॅरिसमधले एखादे यंत्र पिन दाबल्यावर अचानक विचारते: रक्कम युरोत वजा करू की रुपयांत? शेजारी रुपयांतला आकडा पैशांपर्यंत मांडलेला असतो. आठ दिवस मनातल्या मनात शंभराच्या आसपासच्या संख्येने गुणाकार करून थकलेल्या माणसाला परमुलखात कोणीतरी मराठी बोलल्यासारखे वाटते आणि त्याचे बोट रुपयांकडे जाते. या सोयीचे शास्त्रीय नाव डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. तिच्यात विनिमय दर कार्डाचे जाळे ठरवत नाही. यंत्रवाला आणि त्याचा भागीदार ठरवतात, आणि ते समाजसेवेसाठी बसलेले नाहीत. त्यांचा दर बाजारभावापेक्षा बरेचदा इतका वाईट असतो, की आपल्या बँकेचा मार्कअप त्यापुढे मामाच्या गावचा वाटावा. शिवाय परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही काही भारतीय बँका आपले शुल्क लावतात. म्हणजे परक्याची दक्षिणा देऊन झाल्यावर घरचे भटजी उभेच.

पडद्याची मांडणीही विचारपूर्वक केलेली असते. ‘स्वीकारा’ हे बटण ऐसपैस, ‘नाकारा’ कोपऱ्यात. नाकारले तर पैसे मिळणारच नाहीत, अशी भीती वाटते, आणि कित्येकदा वाक्यरचना ती वाढवते. प्रत्यक्षात नकार फक्त रूपांतराला असतो. नोटा येतातच, स्थानिक चलनाच्या हिशेबाने. दुकानात किंवा हॉटेलात कार्डाचे यंत्र पुढे करून हाच प्रश्न हसतमुखाने विचारला जातो. उत्तर नेहमी एकच: ज्या देशात उभे आहोत त्या देशाचे चलन. आपल्या रुपयाबद्दल अभिमान बाळगण्याच्या इतर जागा पुष्कळ आहेत.

रोख चलन निघण्यापूर्वीच घ्यावे. एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. इराक, रशिया अशा काही देशांसाठी नियम वेगळे आहेत. दर प्रत्येक दुकानात वेगळा असतो आणि तो बोलून कमी होतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मंडईत मेथीच्या जुडीवर जीव तोडून भांडणारा माणूस परकीय चलनाच्या काउंटरवर एकदम अबोल होतो; काचेपलीकडे टाय दिसला की त्याची घासाघीस संपते. तीन ठिकाणी फोन करून पैशापैशाने दर खाली आणावा. ‘शून्य कमिशन’ ही पाटी वाचून हुरळू नये. खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन रकाने फलकावर असतात. दुकानाचे भाडे त्या दोन आकड्यांच्या फरकातून निघते. विमानतळावर हा फरक सर्वांत रुंद, कारण तिथे गिऱ्हाईक घाईत असते.

आधी पैसे भरून नेण्याचे फॉरेक्स कार्ड बरे, पण त्यात जे चलन भरले तेच खर्च व्हायला हवे. युरोप म्हणजे युरो, हा समज प्रागमध्ये आणि बुडापेस्टमध्ये महाग पडतो. तिथे अनुक्रमे कोरुना आणि फोरिंट चालतात, आणि युरोच्या कार्डातून ते देताना पुन्हा चलनबदलाचे शुल्क बसते. यूपीआयही आता भूतान, नेपाळ, मॉरिशस, श्रीलंका इथे पोचले आहे. २०२४ पासून आयफेल टॉवरचे तिकीट त्यावर काढता येते. वर जाऊन परत येईपर्यंत एवढी एक चिंता कमी.

२०२० नंतर दिलेली भारतीय कार्डे आधीपासून परदेशी वापरासाठी खुली नसतात. तो वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. हे विसरलेला गृहस्थ परदेशी यंत्रापुढे उभा राहून पिन चुकला की काय, असा विचार करत बसतो. पिनची कथाही नमूद करण्याजोगी आहे. १९६७ मध्ये लंडनमधल्या एनफिल्डला बसलेल्या पहिल्या यंत्राचे जनक मानले जाणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. पिन सहा आकडी ठेवावा असा त्यांचा विचार होता. पण पत्नीला चारच आकडे लक्षात राहतात असे कळले आणि चारावर तडजोड झाली. बायकोचे ऐकून बँकिंगमध्ये टिकलेला हा निर्णय.

परतल्यावर उरलेल्या नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंतच्या जवळ ठेवता येतात, बाकीच्या १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत विक्रेत्याकडे द्याव्या लागतात. नाणी मात्र कितीही ठेवायला कायद्याची हरकत नाही. ती एकही काउंटर परत घेत नाही, त्यामुळे उदारपणाला धोका नसावा. फ्रँक, बाट आणि सेंट असे सगळे मिळून घरी शोकेसमध्ये, पितळी आयफेल टॉवरशेजारी, जुन्या श्रीखंडाच्या डब्यात राहतात.