सोन्याचं नाणं आणि पर्याय ‘ड’

औषध कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरांच्या टेबलावर सोन्याचं नाणं ठेवतो. डॉक्टरांनी काय करावं? (अ) नाणं खिशात टाकावं, (ब) नाणं अस्सल आहे का ते विचारावं, (क) सौभाग्यवतींसाठी आणखी एक मागावं, (ड) नम्रपणे नकार द्यावा. हा प्रश्न चुकवायला खास प्रतिभा लागते. तरीही गुण मिळतात ते मिळतातच.

प्रश्न काल्पनिक आहे, नाणं नाही. एका जीवनसत्त्वाच्या गोळीची ‘जागृती’ करण्यासाठी अपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीने डॉक्टरांना सोन्याची नाणी, एलसीडी टीव्ही, फ्रिज आणि लॅपटॉप दिले होते. कंपनीने ते लपवलं नाही. उलट, हा धंद्याचा खर्च आहे, आयकरात वजावट द्या, म्हणून ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. रक्कम पावणेपाच कोटींच्या घरातली. न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांच्या पीठाने फेब्रुवारी 2022 मध्ये वजावट नाकारली. ज्या घरांत ते फ्रिज गेले, तिथल्या सगळ्या डॉक्टरांनी पदवी घेताना शपथ घेतलेली होती.

नीती नुसत्या शपथेवर सोडू नये, शिकवावी आणि तपासावी, हा विचार चांगलाच आहे. म्हणून 2019 च्या बॅचपासून एमबीबीएसला ‘एटकॉम’ आलं. वृत्ती, नीती आणि संवाद, अशी 27 मॉड्यूल्स. पहिल्याच वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलावरचा देह हा आपला पहिला गुरू, असा पाठ आहे, आणि तो खरोखर सुंदर आहे. पुढे लॉगबुकात ‘रिफ्लेक्शन’ लिहायचं असतं, म्हणजे आपल्याला आतून काय वाटलं ते. प्रामाणिकपणावरचं रिफ्लेक्शन आदल्या रात्री बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं आणि सगळे जण ते प्रामाणिकपणे उतरवून काढतात.

पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. मोठ्यांनी नीतीचा हिशेब कसा मांडलाय तो बघा. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत 2009 साली औषध कंपन्यांच्या भेटींवर बंदी आली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये शिक्षेचं कोष्टक जोडलं गेलं. हजार ते पाच हजारांची भेट घेतली तर समज. पाच ते दहा हजारांना नाव नोंदवहीतून तीन महिने बाहेर, पन्नास हजारांपर्यंत सहा महिने, लाखापर्यंत एक वर्ष. हजाराच्या आतल्या भेटीचा कोष्टकात उल्लेखच नाही, तेव्हा दिवाळीच्या मिठाईचा डबा निश्चिंत मनाने उघडावा. त्याच दुरुस्तीत डॉक्टरांच्या संघटनांना या बंदीतून वगळलं गेलं. एकट्याने खाल्लं तर शेण, पंगतीत बसून खाल्लं तर परिषद!

ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी, कडक नियमावली आणली. जेनेरिक औषधं लिहा, कंपन्यांच्या पैशातून होणाऱ्या परिषदांपासून दूर राहा. दोन तारखेला अधिसूचना निघाली आणि तेवीस तारखेला ती स्थगित झाली. तीन आठवड्यांत सलाइनवर गेलेली ही नियमावली बाजूला ठेवून 2002 ची संहिता पुन्हा कामावर रुजू झाली. ज्या ‘नेक्स्ट’ परीक्षेतून पुढे परवाना मिळायचा, तीही त्याच वर्षी जुलैत पुढे ढकलली गेली होती. नाव तेवढं समर्पक निघालं.

परदेशात वेगळं चित्र असेल, या आशेवर फार राहू नये. ब्रिटनमध्ये 2013 पासून नवडॉक्टरांना कुठे नेमायचं हे ठरवताना शंभरपैकी पन्नासपर्यंत गुण ‘प्रसंगी तुम्ही काय कराल’ या चाचणीला होते. सहकारी दारू पिऊन ड्युटीवर आला, आता दिलेले पाच पर्याय योग्यतेच्या क्रमाने लावा. पोरं क्लास लावून सद्गुणांचा क्रम घोकू लागली. शेवटी 2024 च्या भरतीपासून ही चाचणी काढून टाकली. आता संगणक प्रत्येकाला यदृच्छेने एक क्रमांक देतो. दहा वर्षं विवेक मोजून झाल्यावर साहेबांनी चिठ्ठ्या टाकल्या.

अमेरिकेत 2005 साली एक अभ्यास झाला. वैद्यक मंडळांनी कारवाई केलेल्या 235 डॉक्टरांच्या कॉलेजातल्या जुन्या नोंदी काढून इतरांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. विद्यार्थीदशेतल्या बेशिस्तीची नोंद त्यांच्यात इतरांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात सापडली, आणि सगळ्यात घट्ट नातं निघालं ते ढळढळीत बेजबाबदारपणाशी. कमी गुणांचाही थोडा संबंध होता, पण तो कितीतरी क्षीण. म्हणजे उद्याचा डॉक्टर ओळखायचा तर वॉर्डातल्या सिस्टरला विचारावं, पेपर तपासणाऱ्याला नव्हे. पण सिस्टरच्या मताला ओएमआर शीटवर गोल कुठून आणायचा?

अमेरिकेनेही प्रत्यक्ष वागणूक तपासून पाहिली. परवाना परीक्षेच्या एका टप्प्यात नट-नट्या पेशंट बनून बसत. पोट दुखतंय म्हणून कळवळत आणि डॉक्टर नीट बोलला का, याचे गुण देत. हजार डॉलरहून जास्त फी भरून आणि वर विमानाचं तिकीट काढून भारतातली पोरंही ते नाटक करायला जात. कोविडात परीक्षा थांबली, 2021 मध्ये कायमची बंद झाली.

नटांची कल्पना मात्र वाया गेली नाही. जून 2025 मध्ये सीबीआयने वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासणीतल्या लाचखोरीचा गुन्हा नोंदवला. आरोपींत आरोग्य मंत्रालयाचे अधिकारी आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे तपासनीसही आहेत. आरोप असा, की तपासणीपुरते खोटे प्राध्यापक उभे केले, खोटे पेशंट खाटांवर निजवले आणि हजेरीच्या यंत्राशीही खेळ केला. अमेरिकेतल्या नटांना कुठे कण्हायचं याचं रीतसर प्रशिक्षण असे. इथल्यांना नुसतं पडून राहायचं होतं. कारण याच आरोपानुसार तपासणी कधी आणि कोण करणार, हे कॉलेजांना आधीच कळलेलं होतं.