कानांना मध्ये बोलू देऊ नये
(दोन हजारांच्या आतला हेडफोन निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत)

स्वस्तातला हेडफोन घ्यायचा, तर तो डोळ्यांनी घ्यावा. खोक्यावर ४,९९० ही किंमत असते, तिच्यावर काट मारलेली असते आणि खाली ९९९ असतात. एका फटक्यात चार हजार वाचल्यावर वर पुन्हा आवाज कसा आहे म्हणून विचारणं हा शुद्ध कृतघ्नपणा झाला. ४,९९० मोजून ही वस्तू आजवर कुणी नेली, हेही विचारू नये.

मग खोकं उलटं करावं. मागे '२० ते २०,००० हर्ट्झ' असं छापलेलं असतं. ते वाचून गंभीरपणे मान डोलवावी. फुटपाथवरच्या शंभर रुपयांच्या इअरफोनवरही हेच आकडे असतात, कारण तो हेडफोनचा नव्हे, तरुण माणसाच्या कानाचा आवाका आहे. पियानोची अगदी उजवीकडची शेवटची पट्टी ४,१८६ हर्ट्झला वाजते. पन्नाशीनंतर पंधरा हजारांच्या वरचं बहुतेकांना ऐकूच येत नाही. त्या दोन टोकांच्या मध्ये आवाज कुठे फुगतो आणि कुठे खचतो, हे कळलं तर उपयोग. पण ते खोक्यावर नसतं. ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारी आतली चकती, १० मिलिमीटरचा की १३ चा, यावर मात्र अवश्य भांडावं. चांगला १० चा वाईट १३ च्याला सहज मागे टाकतो, पण हे कबूल केलं की भांडणच संपतं.

आता प्रत्यक्ष खरेदी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. 'फर्स्ट कॉपी आहे साहेब, ओरिजिनलसारखीच' हे वाक्य कानी आलं की आपण योग्य ठिकाणी पोचलो असं समजावं. दुकानदार 'बेस बघा' म्हणत 'झिंगाट' लावेल. कवटी हादरली की माल पसंत. कुणाला चोरून खरोखरच ऐकायचं असेल, तर त्याच 'सैराट'मधलं 'याड लागलं' लावावं. अजय-अतुल यांनी त्यातल्या वाद्यवृंदासाठी थेट हॉलीवूडचा स्टुडिओ गाठला होता. वाईट हेडफोनमध्ये बेसच्या धपक्याखाली ती सगळी व्हायोलिनं गुदमरतात. एवढा प्रवास करून आलेल्या सुरांचा तो अपमान आहे. दुसरी परीक्षा तानपुऱ्याची. जवारीतून एकामागून एक उमलणारे स्वर वेगवेगळे ऐकू आले तर वस्तू ठीक. नुसतीच 'घूंऽऽ' ऐकू आली तर परत द्यावी. तिसरी परीक्षा, लताबाईंचं कुठलंही गाणं. 'स' आणि 'श' बोचले, की कंपनीने वरचे स्वर मुद्दाम चढवून ठेवले आहेत. पहिल्या दोन मिनिटांत हा आवाज फार 'क्लिअर' वाटतो. विसाव्या मिनिटाला डोकं दुखतं. विक्री मात्र दोन मिनिटांतच होत असते.

कानात घालायच्या इअरफोनसोबत छोट्या पिशवीत रबराच्या टोप्या येतात: लहान, मध्यम, मोठ्या. ही पिशवी न उघडता ड्रॉवरमध्ये टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती पाळावी. नंतर 'याला बेसच नाही' अशी तक्रार करावी आणि आणखी महागडा घ्यावा. इथे मला भूमिका सोडून जरा खरं बोलायचंय, कारण स्वस्त हेडफोनच्या बाबतीत याहून महत्त्वाचं काहीच नाही. इअरफोनची चकती एवढीशी. ती खालचे स्वर काढू शकते ते केवळ कानात कोंडलेल्या मूठभरही नसलेल्या हवेच्या जोरावर. टोपी सैल बसली, बारीकशी फट राहिली, की सगळ्यांत आधी बेस निसटतो आणि उरतो तो किरकिरा आवाज. गाणं चालू असताना बोटाने इअरफोन हलकेच आत दाबून पाहा. बेस एकदम वाढला, तर दोष इअरफोनचा नाही, टोपीचा. उजवा कान मोठ्या टोपीचा आणि डावा मध्यम टोपीचा असू शकतो. दोन्ही कान सारखे असल्याची हमी कुणी दिलेली नाही. डोक्यावरून घालायच्या हेडफोनमध्ये हीच फट चष्म्याची काडी पाडते. चष्मा असेल तर तो लावूनच हेडफोन तपासावा, आणि तोही अर्धा तास. पट्टीचा चाप दुकानात सुखद वाटतो, कल्याण येईपर्यंत कानशिलं चेपतो.

फट बुजवण्याचा दुसरा फायदा लोकलमध्ये कळतो. बाहेरची घरघर जितकी आत येते, तितका आवाज आपण वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ऐकणं चालतं. ९० डेसिबल केलं की फक्त ४. म्हणजे सैल टोपीपायी आठवड्याचा कोटा दोन-तीन दिवसांच्या जाण्यायेण्यात संपतो.

टिकाऊपणाबद्दल शास्त्र अगदी स्पष्ट आहे: वॉरंटी कार्ड जपून ठेवावं, हेडफोन नाही. वर्षभराची वॉरंटी असते, आणि वायर तुटली की ते 'फिजिकल डॅमेज' ठरतं. वायर तुटते ती नेहमी पिनेच्या गळ्याशी किंवा जिथे तिचे दोन फाटे होतात तिथे. मग ती विशिष्ट कोनात वाकवून, श्वास रोखून गाणी ऐकावी लागतात; यातून सहनशीलता वाढते. ती वाढवायची नसेल, तर वायर काढता-घालता येईल असा इअरफोन घ्यावा. केझेड, सेव्हन हर्ट्झ असल्या चिनी कंपन्या दीड-दोन हजारांच्या आसपास असे देतात. वायर गेली तर काही शेकड्यांत नवी येते. ती कानामागून वळवून घालावी लागते, ते घरच्यांना थोडं विचित्र दिसेल.

बिनवायरीचे छोटे बड हवेत? घ्या. खोक्यावरच्या '५० तासां'त डबीतलं चार्जिंगही धरलेलं असतं, एवढं लक्षात ठेवा. आतली बॅटरी नखाएवढी. दोन-तीन वर्षांत ती दमते आणि स्वस्त बडमध्ये ती बदलून देणारा कारागीर सापडत नाही. 'आयपीएक्स ४' म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसेल. त्यातल्या 'एक्स'चा अर्थ, धुळीची परीक्षा नोंदलेलीच नाही.

डोक्यावरून घालायच्या हेडफोनच्या रेक्झिनच्या गाद्या दमट हवेत सुटतात आणि मुंबई-कोकणात एकदोन पावसाळ्यांनंतर कानांवर काळे पोपडे चिकटलेले दिसतात. कापडी किंवा साध्या स्पंजच्या गाद्या दिसायला गरीब, पण बदलायला स्वस्त. अमेरिकेतल्या कॉस कंपनीचा 'पोर्टा प्रो' १९८४ पासून जवळपास त्याच रूपात विकला जातो. त्याचा स्पंज झिजला की नवा चढवायचा, विषय संपला. तो अजिबात शोभिवंत नाही, आणि बाहेरचा आवाज सरळ आत येऊ देतो. म्हणून घरात उत्तम, लोकलमध्ये निरुपयोगी.

एवढं सगळं करून माझा निकाल विचाराल, तर वायरचा, सुट्या वायरीचा, टोप्या मापाने बसवलेला इअरफोन. फोनला गोल पिनेचं भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा कन्व्हर्टर घ्या. दोन हजारांत आवाजाचे एवढे पैसे दुसरीकडे वसूल होत नाहीत.

आणि एक विनंती. घेतल्यावर तो कानात घाला. गळ्यात नेकबँड लटकवून फोनच्या स्पीकरवर रील बघणारे बरेच आहेत, आणि त्यातले निम्मे माझ्याच डब्यात असतात.