साक्षगंध सुरू, समुद्र बंद

वर्ध्याच्या पोट्ट्यांना समुद्र दाखवायचा तर दोन परवानग्या लागतात. एक रेल्वेची, दुसरी आत्याबाईंची. पैकी रेल्वे शब्दाची पक्की: ६० दिवस आधी आरक्षण उघडते म्हणजे उघडते. आत्याबाईंच्या घरचं साक्षगंध मात्र आठ दिवस आधी ठरतं, आणि तेही नेमकं आपल्या तिकिटाच्याच तारखेला. मग दोहोंपैकी रद्द काय होतं, हे विदर्भातल्या माणसाला विचारूच नये.

मे महिना आपल्याकडे सुट्टीचा नसतोच, तो मांडवाचा असतो. हळद, लग्न, रिसेप्शन, मग कुणाचं जावळ, कुणाची वास्तू. पारा ४५ वर, आणि नव्या बुटांनी पाय सोललेलं पोरगं डीजेमागं वरातीत ओढलं जातं. त्याच्यासाठी म्हणून त्या महिन्यात काय होतं? ‘या बाळा, ओळखलं का मला?’ एवढा एक प्रश्न होतो. तो शंभर वेळा होतो.

लग्नं उरकून घर मोकळं होतं ते जूनमध्ये. इथं विदर्भाला मोठा फायदा! आपल्याकडच्या उन्हापायी सरकार शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडते. पुण्याची मुलं वर्गात बसली तरी आपली घरीच. म्हणजे आपल्याला सवड मिळते ती कोकणातला समुद्र बंद झाल्यावर. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, जंजिऱ्याच्या नावा काठावर ओढलेल्या, पाण्यावरचे खेळ गुंडाळलेले, आणि गुडघाभर पाण्यात पाऊल टाकलं की शिट्टी. साडेसातशे किलोमीटर रेल्वेनं मुंबई, तिथून पुढं कोकण, आणि एवढं करून पोट्टे लॉजच्या गॅलरीतून पाऊस पाहतात. पाऊस आर्वीतही पडतो.

काही धाडसी कुटुंबं मेमध्येच निघतात, पण कार्यक्रम सोबत घेऊन. पोराचा पाचवा वाढदिवस ‘यंदा बीचवर’. घरापुढं भला मोठा फ्लेक्स, त्यावर हा भला मोठा पाचाचा आकडा. गाडीत मात्र तो चार वर्षांचा असतो, कारण पाच पूर्ण झाले की तिकीट लागतं आणि २०१६ पासून मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर भाडंही पूर्ण. टीसी आला की सगळं कुटुंब खिडकीबाहेर बघतं. तेवढ्यात वाढदिवसाचा मानकरी स्वतःच पाच बोटं दाखवतो. शाळेतलं शिक्षण असं नको तिथं उपयोगी पडतं.

किनाऱ्यावर पोचल्यावर तर बघायलाच नको. पोराला हवी वाळू आणि पाणी. त्याला उभं केलं जातं फोटोला. मोठे बाबा, मोठी आई, मामा, मामी, केक, परत एकदा केक, कारण पहिल्यांदा व्हिडिओ सुरूच झाला नव्हता. भरतीची वेळ कुणी विचारत नाही. मुहूर्ताची चार जणांना विचारली जाते.

आणि ‘मुलांसाठी गोवाच बरा’ म्हणणाऱ्या बाप्यांविषयी काय बोलावं! दांडीला मीठ उचलणारे बापू १९३६ मध्ये सेवाग्रामी राहायला आले, त्यांच्या पुण्याईनं आपला जिल्हा दारूबंदीचा. तेव्हा मुलांसाठी गोवा का, हे घरातल्या बायांना बरोबर ठाऊक असतं. पोट्टे वाळूत किल्ला करत असतात, बाप छपराखाली ‘लक्ष ठेवून’ असतो. दोन ग्लासांनंतर ठेवलेलं लक्ष लाटेला पुरत नाही, एवढं तरी ध्यानात असावं.

गंमत म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून पाहा: मछलीपट्टणचा पूर्वकिनारा वर्ध्याला मुंबईपेक्षा थोडा जवळच पडतो. पण तिकडं कुणी नातेवाईक नाहीत, म्हणून आपण जात नाही. माझ्या मते जाण्याचं तेच सर्वांत भक्कम कारण आहे.

तेव्हा येत्या मेमध्ये लग्न काढणाऱ्या समस्त मंडळींना विनंती: तारीख धरायची तर ६० दिवसांच्या आत धरू नका, निदान ज्यांच्या घरी लहान पोरं आहेत त्यांना आधी विचारा. आणि पोरांच्या आईबापांनो, तरीही साक्षगंध आडवं आलंच, तर पाकीट फोनवरून पाठवा आणि गाडीत बसा. आत्याबाई दिवाळीपर्यंत बोलू लागतात.