आणखी दोन पीएसआय

रेनो ५ जीटी टर्बो बाळगणारा ब्रिटिश गृहस्थ वेगाने वेडा झालेला असतो, हा समज साफ खोटा आहे. वेगाचा वेडा गाडी पळवतो. हा बॉनेट उघडून तिच्यासमोर ओणवा असतो. १९८५ साली आलेल्या या चिमुकल्या फ्रेंच गाडीत १३९७ सीसीचं जुन्या पुशरॉड वळणाचं इंजिन, गॅरेटचा टी२ टर्बो आणि पेट्रोल पाजायला एकुलता एक सोलेक्स कार्ब्युरेटर. अश्वशक्ती ११५. एवढ्या हलक्या गाडीत तेवढी ताकद त्या काळी भल्याभल्यांना घाम फोडत असे, पण या गृहस्थाचं तेवढ्यावर भागत नाही. माझं म्हणणं असं, की त्याला वेग नकोच असतो. त्याला हवं असतं कधीही न संपणारं काम. आणि टर्बोने ज्याच्यात हवा कोंबली आहे अशा कार्ब्युरेटरइतकं त्या बाबतीत उदार यंत्र दुसरं नाही.

त्याच्या कामाचा क्रमच बघा. तो आधी बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवतो, कारण ते स्वस्त पडतं. जादा दाब रोखणाऱ्या वेस्टगेटकडे जाणाऱ्या नळीत एक छोटी झडप बसवायची आणि थोडा दाब गळू द्यायचा. वेस्टगेट बिचारं फसतं आणि उशिरा उघडतं. पेट्रोलचं काय, हे पुढच्या शनिवारी बघू. पंक्तीला दुप्पट पाने मांडायची आणि आचाऱ्याला कळवायचंच नाही, असा हा कारभार. कार्ब्युरेटरला हवेची दाटी पुरती उमगत नाही: हवा दीडपट दाट झाली तर पेट्रोल वाढतं ते दीडच्या वर्गमुळाइतकंच, म्हणजे जेमतेम सव्वापट. (वर्गमूळ व्यवहारात कुठे लागतं, असं विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना या हिशेबात वितळलेले पिस्टन दाखवावेत.) त्यात कार्ब्युरेटरच्या वाटीतही बूस्टचा दाब असतो. बूस्ट १५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि पेट्रोलचा दाब १२, तर पेट्रोल वाटीत शिरणार कुठून? पूर्ण ताणावर टर्बो इंजिनाला पेट्रोलच्या एका भागामागे साधारण बारा भाग हवा मानवते; ती चौदाच्या पुढे गेली की नॉकिंग, म्हणजे सिलिंडरातले अवेळी स्फोट, सुरू होतं. मग तो प्लग काढतो, उजेडात धरतो, भिंगातून निरखतो. तपकिरी असेल तर क्षेम. पांढराफटक असेल आणि चिनी मातीवर बारीक चकाकते कण दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. अशा वेळी त्याच्या चेहऱ्यावर दुःख शोधू नये, मिळायचं नाही. पुढचे चार शनिवार लागले ना!

यावर कोणी म्हणेल, हा गरिबाचा नाइलाज आहे. पेट्रोलचं इंजेक्शन परवडत नाही म्हणून बिचारा स्क्रू पिळतो. हिशेब मांडून बघावा. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटचे संच, दाबानुसार चालणारा रेग्युलेटर, मोठा पंप, दोनदा हेड गॅस्केट, एकदा पिस्टन: एवढ्यात इंजेक्शन बसून वर संगणकही आला असता. दुसरा आक्षेप अस्सलपणाचा: गाडी मूळ रूपात राहावी म्हणून तो कार्ब्युरेटर सोडत नाही. पण त्या गाडीत आता मूळचं उरलंय काय? खरं कारण वेगळं आहे. इंजेक्शनचा संगणक स्वतः मोजतो, स्वतः ठरवतो आणि मालकाला फक्त किल्ली फिरवायला ठेवतो. कार्ब्युरेटर ठरवण्याचा मान मालकाकडे राहू देतो. जेटच्या भोकातला मिलिमीटरचा विसावा हिस्सा कमी करायचा की वाढवायचा, यावर त्याचा शब्द अखेरचा. एवढा अधिकार त्याला कचेरीत नसतो.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. हल्ली तो हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावतो आणि आकडे बघून जेट बदलतो. मग हा शास्त्रीय माणूस नव्हे काय? आहे, नाही कोण म्हणतं? या साधनामुळे त्याचा मार्ग खरोखरच सुधारला: आता तो आधी पेट्रोल नीट करतो, मग बूस्टला हात लावतो. गाडी गरम असताना सुरू न होण्याची, टर्बोच्या धगीने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळण्याची तिची प्रसिद्ध खोडही तो पंखा लावून काबूत आणतो. तेव्हा एखाद्या दिवशी सगळं जमतं. प्लग तपकिरी, काटा बारावर स्थिर, गरम इंजिन पहिल्या किल्लीला सुरू. आता त्याने गाडी पळवावी ना? तो गुपचूप मोठा टर्बो मागवतो, आणि त्या टर्बोला आधीचा एकही जेट चालत नाही.