नानांचं 'फक्त'

शिरगावात नानांनी कुणाला 'चुकलास' म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. ते मान डोलावतात, 'झक्कास!' म्हणतात आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतात. मग येतं ते 'फक्त'. चष्मा नाकावरून उतरला की समोरच्याच्या पोटात गोळा येतो.

सगळी नोकरी तारापूर एमआयडीसीत, क्वालिटी कंट्रोलला. निवृत्त झाले, तपासणी चालूच. थंडीत सुनेने उकडहंडी केली की, "कोनफळ काय शिजलंय! फक्त ओव्याला पुढच्या वेळी हात जरा सैल सोड." हे तिसऱ्यांदा वाढून घेताना. सून म्हणते, "सरळ नावं ठेवली असती तर भांडता तरी आलं असतं!"

घाईच्या वेळी तर जीव जातो. दूध उतू चाललंय हे सांगायचं तरी सुरुवात 'दूध छान तापलंय हं' अशी.

पण कौतुक चारचौघांत आणि चूक एकट्यात, हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. शेजारचा पाचवीतला पोरगा पाहुण्यांना गावातला किल्ला दाखवत होता. "हा शिवाजी महाराजांनी जिंकला!" त्याने ठोकून दिलं. आम्ही तोंड उघडणार तोच नानांनी टाळ्या वाजवल्या. "आवाज काय खणखणीत रे!" मग, "चल, जरा त्या माडापर्यंत येतोस?" आतल्या फांद्या फुटलेल्या माडाखाली चष्मा पुसणं सुरू. महाराज गेले कधी? 1680. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला कधी? 1739. "मग मधली एकोणसाठ वर्षं ठेवायची कुठे, तूच सांग." पोरगा हसत परतला आणि पाहुण्यांना दुरुस्ती त्यानेच सांगितली, त्याच खणखणीत आवाजात.

नानांना गुरू भेटली ती सातपाटीला. पापलेटाचे कल्ले उघडून, डोळे निरखून ते म्हणाले, "ताजं आहे, झक्कास! फक्त..."

कोळीण टोपलीमागून हसली. "काका, तुमची नजर लय भारी. फक्त हात खिशात जात नाय."

नाना खूश. घरी येऊन प्रत्येकाला किस्सा ऐकवला. "पद्धत अगदी बरोबर होती तिची," म्हणाले आणि चष्मा काढला. "फक्त भाव जरा चढा लावला."